नवा डेस्कटॉप घेताना: प्रोसेसरची पिढी, विंडोजची आवृत्ती आणि बिलावर काय हवं

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की तालुक्याच्या गावातलं दुकान, कोटेशन साधारण एकाच साच्यातलं मिळतं: "आय-फाइव्ह, सोळा जीबी रॅम, पाचशे बाराची एसएसडी, विंडोज इलेव्हन घालून देतो." ऐकायला भरघोस वाटतं. पण त्यात चार गोष्टी सांगायच्या राहून जातात. आय-फाइव्ह कितव्या पिढीचा आहे, रॅमची पट्टी एक की दोन, एसएसडी कोणत्या प्रकारची, आणि विंडोजचा परवाना खरा आहे का. डेस्कटॉप घरात सहा-आठ वर्षं राहतो, आणि तो तेवढा टिकणार की दोन वर्षांत अडखळणार, हे याच चार गोष्टींवर ठरतं.

सर्वांत आधी विंडोजचा विचार करू. लोक तो शेवटी करतात आणि तिथेच फसतात.

विंडोज १० का नको

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. म्हणजे ते बंद पडलं असं नाही. मशीन चालू होतं, कामही होतं. पण सुरक्षेतली भोकं बुजवणारे दर महिन्याचे अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने जादा मुदतीची योजना ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. आधीपासून विंडोज १० चालवणाऱ्यांना नवं मशीन घेईपर्यंत दम खाता यावा, एवढाच तिचा उपयोग. त्यामुळे सवयीचं आहे म्हणून नव्या मशीनवर विंडोज १० घालून घेण्यात अर्थ नाही. काही जण अजून विंडोज ७ मागतात. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आणि आजच्या मदरबोर्डसाठी त्याचे ड्रायव्हर मिळत नाहीत. इन्स्टॉल करतानाच यूएसबी कीबोर्ड आणि माउस मरून पडतात.

राहिलं विंडोज ११. त्याच्या अटी मात्र कडक आहेत. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी नावापुरत्या. तेवढ्यात कुणी काम करू नये. खऱ्या अटी तीन: यूईएफआय पद्धतीचा बायोस (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) आणि त्यात सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. इंटेलमध्ये ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीमध्ये बहुतेक रायझन २००० मालिकेपासून. टीपीएमसाठी वेगळी चिप विकत घ्यावी लागत नाही. आजच्या प्रोसेसरमध्येच ती सोय असते. इंटेलच्या बायोसमध्ये तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बायोसमध्ये एफटीपीएम. बंद असली तर बायोसमधून चालू करायची, एवढंच.

पिढी म्हणजे काय आणि ती कशी ओळखायची

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नुसती दर्जाची नावं आहेत आणि ती २००८-१०पासून तीच आहेत. खरी माहिती त्यापुढच्या आकड्यात असते. आय५-३४७०मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. आय५-१२४००मधले १२ म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. दोन्ही आय-फाइव्हच! बाराव्या पिढीचा साधा आय३-१२१०० चार कोअर आणि आठ थ्रेडचा आहे, आणि तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हला तो सहज मागे टाकतो. इंटेलने आता कोअर अल्ट्रा अशी नवी नावं सुरू केली आहेत. डेस्कटॉपसाठी ती ऑक्टोबर २०२४मध्ये २०० मालिकेपासून आली. एएमडीत 'रायझन ५ ५६००जी' या नावात ५६००मधला पहिला ५ मालिका सांगतो.

हे एवढं खोलात सांगायचं कारण बाजारात आहे. एच६१ मदरबोर्ड, त्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, चकाचक काचेचं कॅबिनेट आणि रंगीत पंखे, असा संच "नवा पीसी" म्हणून सर्रास विकला जातो. कॅबिनेट नवं असतं, एसएसडी नवी असते, बोर्डही कधी कधी नव्याने तयार केलेला असतो. प्रोसेसर मात्र जुन्या ऑफिस मशीनमधून काढलेला, बारा-तेरा वर्षांचा. त्यात टीपीएम २.० नसतं. मग विंडोज ११ अटी चुकवून बसवलं जातं. ते चालतंही. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती त्यावर आपणहून येत नाही. मुलाच्या शिक्षणासाठी पैसे साठवून घेतलेलं मशीन असं निघालं, तर ती सरळ फसवणूक आहे. जुनं मशीन "जुनं" म्हणून, जुन्याच्या भावात घेतलं तर गोष्ट वेगळी. मग त्यावर लिनक्स घालून ते चांगलं वापरताही येतं.

म्हणून कोटेशनवर प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. ते अक्षर महत्त्वाचं आहे. इंटेलच्या नावामागे एफ असला (आय५-१२४००एफ), तर त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. एफवाला स्वस्त पडतो म्हणून तो घेतला आणि मग कार्डावर जादा खर्च झाला, असं नेहमी होतं. एएमडीत ५६००ला अंगचं ग्राफिक्स नाही, ५६००जीला आहे. उलट, कार्ड लावलेलं असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला जोडली, तर पडदा काळा राहतो किंवा कार्डाचा काही उपयोग होत नाही. केबल कार्डालाच लागली पाहिजे.

वॉरंटीसाठी आणखी एक. प्रोसेसर सीलबंद डब्यातला, म्हणजे बॉक्स, घ्या. इंटेलच्या बॉक्सवर तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी असते. सुटा, म्हणजे ट्रे प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्याची जबाबदारी फक्त दुकानदारावर राहते.

बाकीचे भाग, गरजेपुरते

घरचं काम, ऑनलाइन अभ्यास, टॅली, ऑफिस, थोडं डीटीपी, एवढ्यासाठी आय३-१२१०० किंवा रायझन ५ ५६००जी पुरतो. फोटोशॉप, कोरलड्रॉ, हलकं व्हिडिओ एडिटिंग रोजचं असेल तर आय५-१२४०० किंवा त्यापुढचा घ्या. इंटेलसाठी एच६१० बोर्ड चालतो. त्याला बहुधा रॅमच्या दोनच खाचा असतात आणि तो डीडीआर४ किंवा डीडीआर५ यांपैकी एकाच प्रकारची रॅम घेतो. पट्टीच्या कडेवरच्या चिरेची जागा वेगळी असल्याने एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही, तेव्हा बोर्ड आणि रॅम एकाच बिलात घ्या.

रॅम १६ जीबी घ्यायची ती ८-८च्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी वाचतो. अंगचं ग्राफिक्स याच रॅममधून जागा घेत असल्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत. बजेट ओढाताणीचं असेल तर आज ८ची एक पट्टी घ्या, दुसरी खाच रिकामी ठेवा, पण एसएसडीत आणि एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणारा डबा) तडजोड करू नका.

एसएसडी एनव्हीएमई प्रकारची मागा. सॅटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो. तिसऱ्या पिढीची एनव्हीएमईसुद्धा ३,००० एमबीच्या पुढे जाऊ शकते. एम.२ हे केवळ आकाराचं नाव आहे. एम.२ आकारात सॅटाही मिळते, त्यामुळे "एम.२ दिली" एवढ्यावर समाधान मानू नका. डेस्कटॉपवर २२८० लांबीची, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, ही नेहमीची.

एसएमपीएसकडे कुणी बघत नाही आणि तिथेच मशीन मरतं. स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं, पण तेवढा भार तो पेलत नाही. भार वाढला की मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, आणि एखाद्या दिवशी जाताना बोर्डही सोबत नेतो. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ८० प्लस शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉटचा वेगळा घ्या. आपल्याकडे वीज जाते-येते, पावसाळ्यात व्होल्टेज नाचतं, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएसही हवाच. असे बरेच यूपीएस ३६० वॉटपर्यंतच भार घेतात. त्यावर सीपीयू आणि मॉनिटर लावा. लेझर प्रिंटर कधीही लावू नका, कारण तो गरम होताना एकदम मोठा करंट ओढतो. आणि घरच्या प्लगला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुतेक वेळा मशीनचा नसून अर्थिंगचा असतो.

होम की प्रो

हा निर्णय वाटतो त्याहून सोपा आहे. रोजच्या वापरात दोन्ही सारखेच चालतात. प्रो घेतल्याने मशीन वेगवान होत नाही.

प्रो लागतं ते नेमक्या कामांसाठी. बाहेरून रिमोट डेस्कटॉपने या मशीनमध्ये शिरायचं असेल तर प्रो हवं. होमवरून दुसऱ्या मशीनमध्ये जाता येतं, होममध्ये मात्र येता येत नाही. ऑफिसच्या सर्व्हरच्या डोमेनला जोडायचं असेल, सगळ्या मशीनना एकत्र नियम लावणारी ग्रुप पॉलिसी हवी असेल, डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर स्वतःच्या हाताने चालवायचा असेल, किंवा हायपर-व्हीवर दुसरी सिस्टिम चालवायची असेल, तर प्रो. सीएच्या ऑफिसात पाच-सहा मशीन आणि एक सर्व्हर असेल तर प्रोचे पैसे वसूल होतात. घर, दुकान, सोसायटीचं ऑफिस यांना होम पुरेसं आहे. पुढे गरज पडली तर होमचं प्रो पैसे भरून तिथल्या तिथे करता येतं, विंडोज पुन्हा टाकावं लागत नाही.

ब्रँडेड मशीनवर भारतात बऱ्याचदा "होम सिंगल लँग्वेज" असतं. नाव वाचून मराठी वाचक दचकतात, पण घाबरायचं कारण नाही. यात मेनू आणि सेटिंगची भाषा एकच राहते. टाइप करण्यावर कसलंही बंधन नाही. सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेजमधून मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो आणि मराठी फोनेटिकही जोडता येतो. विंडोज की आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. मंगल फॉन्ट दिसला नाही तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट उतरवा. निर्मला तर आधीपासूनच असतो.

परवान्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवा. मशीनसोबत येणारा ओईएम परवाना त्या मशीनच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. बोर्ड जळून वेगळा बसवला तर परवाना सोबत जात नाही. रिटेल परवाना महाग असतो, पण जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो. "डॉस" किंवा "फ्री-डॉस" लिहिलेलं मशीन म्हणजे विंडोज नसलेलं मशीन. त्याचा भाव विंडोजवाल्याशी ताडून पाहताना परवान्याची किंमत मिळवायला विसरू नका.

आता इंटरनेटवर काही शे रुपयांना मिळणाऱ्या विंडोजच्या परवाना-कीबद्दल. त्या बहुतेक कंपन्यांच्या घाऊक करारातल्या किंवा भंगारात गेलेल्या मशीनच्या असतात. आज ॲक्टिव्हेट होतात, पुढे कधीतरी बाद होतात. आणि दुकानदार जो "ॲक्टिव्हेटर" चालवून देतो, तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद केलेला असतो. ज्या मशीनवर नेट बँकिंग आणि डिजिटल सही चालवायची, त्यावर अनोळखी माणसाने बनवलेला, सगळे अधिकार असलेला प्रोग्राम ठेवणं परवडणारं नाही.

खरं-खोटं तपासायला दोन मिनिटं लागतात. विंडोज की आणि आर दाबा, एसएलएमजीआर लिहा, एक जागा सोडा, मग तिरपी रेघ आणि डीएलआय लिहून (slmgr /dli) एंटर करा. येणाऱ्या चौकटीत ओईएम किंवा रिटेल दिसलं तर ठीक. घरच्या मशीनवर व्हॉल्यूम आणि केएमएस असे, कंपन्यांच्या घाऊक परवान्याचे, शब्द दिसले तर परवाना तुमचा नाही. केएमएस पद्धतीचं ॲक्टिव्हेशन एका वेळी १८० दिवसांचंच असतं. डीएलआयच्या जागी एक्सपीआर लिहिलं की ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की तारखेपुरतं, ते कळतं. बिलावर विंडोज वेगळ्या ओळीत लिहिलेलं नसेल, तर दुकानदाराला पैसे चुकते करण्याआधीच ही तपासणी करा.

२४एच२, २५एच२ म्हणजे काय

विंडोज ११ची दरवर्षी एक आवृत्ती येते. पहिला आकडा वर्ष, एच२ म्हणजे वर्षाचा दुसरा अर्धा भाग. होम आणि प्रोसाठी प्रत्येक आवृत्तीला २४ महिने अपडेट मिळतात. २४एच२ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते, २५एच२ची १२ ऑक्टोबर २०२७ला. डब्यातून निघालेल्या मशीनवर २४एच२ असली तरी बिघडत नाही. दोन्हींचा गाभा एकच असल्यामुळे २५एच२ छोट्या अपडेटसारखी येते, फुकट, एका रीस्टार्टमध्ये. तुमची कोणती, हे विंडोज की आणि आर दाबून विनव्हर (winver) लिहिलं की दिसतं.

विंडोज बसवताना कुठे अडतं

स्वतः बसवायचं असेल तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल वापरा. दुकानातली "तयार" प्रत नको, तिच्यात कुणी काय भरलंय ते कळत नाही. पेनड्राइव्हवरून सुरू करताना बायोसच्या यादीत त्याचं नाव दोनदा दिसलं, तर यूईएफआय लिहिलेलं निवडा. दुसरं निवडलं तर जुन्या एमबीआर पद्धतीने बसवायची वेळ येते आणि सिक्युअर बूट चालू करता येत नाही.

पुढे सेटअप इंटरनेट मागतो. नव्या बोर्डाच्या लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसला, की गाडी तिथेच अडते. मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं.

मग येतं मायक्रोसॉफ्ट खातं, आणि हा टप्पा दुकानदाराच्या हाती कधीही सोडू नका. घाईत तो स्वतःच्याच खात्याने सेटअप पुरा करतो. २४एच२पासून, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. वर्षभराने बायोस अपडेट झाला किंवा बोर्ड बदलला, की मशीन ती की मागतं. की दुकानदाराच्या खात्यात आणि दुकान बंद झालेलं असेल, तर डेटा गेला. कोणताही तंत्रज्ञ तो काढून देऊ शकत नाही. स्वतःच्या खात्याने सेटअप करा, त्याच दिवशी खात्याच्या वेबपानावरून की उतरवून घ्या आणि कागदावर लिहून बिलासोबत ठेवा.

डिस्कचे भाग पाडताना सी ड्राइव्हला १०० जीबी आणि बाकी डी, ई, ही जुनी चाल अजून चालू आहे. वर्ष-दीड वर्षात सी भरतो आणि मोठे अपडेट जागा नाही म्हणून फसत राहतात. ५०० जीबीच्या एसएसडीवर सीला निदान २५० जीबी द्या, किंवा भाग पाडूच नका.

ताब्यात घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅमचा वेग आणि किती खाचा भरल्या आहेत, हे दिसतं. ३२००ची रॅम २६६६ने चालत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायचं राहिलंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं तर तिथला ड्रायव्हर बाकी आहे. बिल पक्कंच घ्या, जीएसटी क्रमांकासह, प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहिलेलं. कच्च्या बिलावर १८ टक्के वाचल्यासारखे वाटतात, पण वॉरंटीच्या वेळी त्या कागदाला काही किंमत नसते, आणि व्यवसायासाठी घेत असाल तर इनपुट क्रेडिटही जातं.

जुनं काम नव्या मशीनवर नेताना

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. जुने ३२ बिटचे प्रोग्राम त्यावर चालतात, पण डॉसच्या काळातले १६ बिटचे हिशेबाचे किंवा पावत्यांचे प्रोग्राम सुरूच होत नाहीत. त्यांच्यासाठी डॉसबॉक्ससारखा मार्ग काढावा लागतो किंवा जुनं मशीन तेवढ्यासाठी ठेवावं लागतं. यूएसबी डोंगलवर चालणारं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर असेल, तर त्याच्या डोंगलचा ड्रायव्हर विंडोज ११साठी आहे का, हे मशीन घेण्याआधी विचारा. इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोज ११मध्ये नाही. ज्या जुन्या साइटना तोच लागतो, त्या एजमधल्या आयई मोडमध्ये उघडतात.

या कशाचीच गरज नसेल, काम ब्राउझर आणि कागदपत्रांपुरतं असेल, तर फ्री-डॉस मशीनवर उबुंटू २४.०४ किंवा लिनक्स मिंट २२ हा चोख पर्याय आहे. दोन्हींना २०२९पर्यंत अपडेट मिळतात, तेही फुकट. मात्र टॅली, कोरलड्रॉ आणि डिजिटल सहीचं टोकन यांपैकी काहीही रोज लागत असेल, तर विंडोजच घ्या.

टॅली वापरत असाल तर जुन्या मशीनवरून लायसन्स आधी सरेंडर करा, मगच नव्यावर चालू करा. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतल्यावर नव्या मशीनवर फाइल उघडून पाहा, हिशेबाचं शेवटचं व्हाउचर आणि फोटोंचा शेवटचा फोल्डर दिसतो का ते तपासा. त्यानंतर महिनाभर तरी जुनी हार्डडिस्क पुसू नका.